पेरलं कोणी?

मी राहते त्या गावातून कुठल्याही दिशेला गाडी काढली तरी दहा मिनिटांत कापूस लागतो. पश्चिम टेक्सासमधल्या लबक शहराच्या दक्षिणेला हे गाव आहे. लबकच्या आसपासच्या काउंट्या मिळून अमेरिकेतला कापसाचा सर्वांत मोठा सलग पट्टा तयार होतो. काउंटी म्हणजे कागदोपत्री आपल्या जिल्ह्यासारखी. पण आमच्या काउंटीत माणसं इतकी थोडी, की आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावात सगळी मावतील. जमीन तव्यासारखी सपाट, माती तांबूस, आणि मार्चमधला वारा असा की कधीकधी भर दुपारी गाडीचे दिवे लावावे लागतात.

मी मूळची हिंगणघाट तालुक्यातली. घरी कापूसच. त्यामुळे इथे आल्यावर शेतं परकी वाटली नाहीत, परकी वाटली ती वेचणी. इथे कापूस कुणी वेचत नाही. पानं झडावीत म्हणून औषध फवारतात किंवा पहिल्या कडक थंडीची वाट बघतात, आणि मग घराएवढं एक यंत्र बोंडांसकट सगळं ओरबाडून घेत पुढे जातं, मागे प्लास्टिकात गुंडाळलेले गोल गठ्ठे टाकत. ते यंत्र चालवणारा बऱ्याचदा हंगामी व्हिसावर आलेला असतो, कधी मेक्सिकोतून, कधी थेट दक्षिण आफ्रिकेतून. सीतादहीचा दहीभात कुठे ठेवायचा, असा प्रश्न मला पहिल्या वर्षी पडला होता.

गेली तेरा वर्षं मी इथल्या एका छोट्या हिशेबनिसाच्या कचेरीत काम करते. आमचं बहुतेक गिऱ्हाईक शेतकरी. शेतकऱ्यानं १ मार्चच्या आत विवरणपत्र आणि कर भरला तर त्याला वर्षभर आगाऊ हप्ते भरावे लागत नाहीत, म्हणून जानेवारी-फेब्रुवारी ही आमची सुगी. लोक बुटांच्या खोक्यांतून पावत्या घेऊन येतात. डिझेल, बियाणं, जिनिंगचा खर्च, ट्रॅक्टरचे हप्ते. आणि सरकारकडून आलेला एक कागद, १०९९-जी. वर्षभरात शेतीखात्यानं त्या माणसाला किती पैसे दिले, ते त्यावर असतं. तो आकडा शेतीच्या उत्पन्नाच्या फॉर्मवर चौथ्या ओळीत जातो. विम्याची भरपाई सहाव्या ओळीत.

तेरा वर्षं चौथी आणि सहावी ओळ भरल्यावर माणसाचं मत व्हायला हवं. माझा भाऊ नागपूरला शिक्षक आहे. त्याचं मत कधीचंच झालेलं आहे. "तुमच्या त्या टेक्सासवाल्यांना फुकट पैसे मिळतात, म्हणून ते कितीही स्वस्त विकतात, आणि आमचा भाव पडतो," असं तो दर दिवाळीला फोनवर सांगतो. त्याचं म्हणणं खोटं नाही. पण ते पैसे नेमके कुणाला मिळतात, हा प्रश्न तो विचारत नाही. मीही पहिली काही वर्षं विचारला नव्हता. फॉर्म भरणाऱ्याला आकडा बरोबर असला की पुरतं.

* * *

पैसे कशावर मिळतात ते आधी सांगते, कारण आपल्याकडे समजतात तसं ते नाही. इथल्या मुख्य योजनेत सरकार कापूस विकत घेत नाही. कायद्यात एक आधारभाव लिहिलेला असतो. बाजाराचा सरासरी भाव त्याच्या खाली गेला तर फरक सरकार देतं. पण हा फरक तुम्ही यंदा किती पेरलं किंवा किती पिकवलं यावर मोजत नाहीत. तो मोजतात 'बेस एकर'वर. म्हणजे तुमच्या जमिनीवर पूर्वी, ठरावीक जुन्या वर्षांत, त्या पिकाखाली किती क्षेत्र होतं, ते. हा आकडा जमिनीला चिकटलेला असतो. जमीन विकली तर तिच्याबरोबर जातो. यंदा तिथे ज्वारी पेरली किंवा काहीच पेरलं नाही, तरी कापसाचा बेस कापसाचाच.

एक उदाहरण घेऊ. हजार एकर बेस आहे. कागदावरचं उत्पन्न एकरी १,२०० पौंड सरकीसकट कापूस. आधारभाव पौंडाला ३६.७ सेंट आणि बाजाराची सरासरी ३३.७ सेंट. फरक तीन सेंट, म्हणजे एकरी ३६ डॉलर. हे पैसे ८५ टक्के क्षेत्रावरच देतात, म्हणून एकूण ३०,६०० डॉलर. हजार एकर कोरडवाहू कापूस करणाऱ्या घराच्या खर्चापुढे ही रक्कम लहान आहे. पण ज्या वर्षी बाकी सगळ्या ओळी उणे असतात, त्या वर्षी हीच एक ओळ अधिक असते.

'सरकीसकट कापूस' हा शब्दही इथला जुना नाही. त्यामागे गोष्ट आहे. ब्राझीलनं २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, की अमेरिकेच्या कापूस-अनुदानामुळे जगाचा भाव पडतो. पुढच्या वर्षी बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतल्या चार गरीब देशांनीही हाच प्रश्न तिथे मांडला. ब्राझील जिंकलं. २००५ मध्ये अपिलातही जिंकलं. मग अमेरिकेनं काय केलं? अनुदान लगेच थांबवलं नाही. २०१० पासून ब्राझीलच्या कापूसवाल्यांनाच वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, म्हणजे ब्राझील सूड म्हणून अमेरिकी मालावर कर लावणार नाही. आपल्या शेतकऱ्यांना पैसे देता यावेत म्हणून दुसऱ्याच्या शेतकऱ्यांना पैसे. २०१४ च्या कायद्यात कापूस या मुख्य योजनेतून काढला, आणि त्याच वर्षी आणखी ३० कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. २०१८ मध्ये कापूस परत आला, फक्त नाव बदलून. रुईच्या ऐवजी सरकीसकट कापूस. हे मी भावाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आपण बाजारात आणतो तोच कापूस!" तोच. आपला शेतकरी रुई विकत नाही, सरकीसकट विकतो. अमेरिकेच्या कायद्याला ही गोष्ट सोळा वर्षांच्या भांडणानंतर सुचली.

२०२५ च्या जुलैत नवा कायदा झाला. त्यानं आधारभाव ४२ सेंट केला, आणि एका माणसाला मिळू शकणाऱ्या रकमेची मर्यादा सव्वा लाखावरून १ लाख ५५ हजार डॉलर केली. 'एका माणसाला' हे शब्द महत्त्वाचे. नवरा एक माणूस, बायको दुसरा. भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदार वेगळा. त्यामुळे आमच्या कचेरीत काही कुटुंबांचे कागद वंशावळीसारखे दिसतात.

* * *

कुणाला किती मिळालं हे इथे गुपित नसतं. पर्यावरणासाठी काम करणारी एक संस्था सरकारी नोंदी मिळवून त्या काउंटीवार आणि नावानिशी सगळ्यांना बघता येतील अशा ठेवते. पेट्रोल पंपाला लागून असलेल्या कॉफीच्या दुकानात सकाळी सहाला जमणारी म्हातारी मंडळी एकमेकांचे आकडे जाणून असतात आणि कधीच बोलून दाखवत नाहीत. कुणी बोललंच तर तिऱ्हाइतासारखं बोलतात. "सरकारचा चेक नको, भाव द्या," हे वाक्य मी इथे इतक्या वेळा ऐकलंय, की शरद जोशींच्या सभेला गेलेले माझे बाबा इथे असते तर लगेच त्यांच्या टेबलावर जाऊन बसले असते.

मला चक्रावलं ते वेगळ्याच गोष्टीनं. बुटांचं खोकं न आणणारेही काही लोक आमच्याकडे येतात, किंवा येतही नाहीत, नुसते कागद पाठवतात. एक डॅलसमध्ये दातांचे डॉक्टर, एक ॲरिझोनात वृद्धाश्रमात राहणाऱ्या बाई, एक तिघी बहिणी, ज्यांपैकी दोघींनी ते शेत चाळीस वर्षांत बघितलेलं नाही. हे जमीनमालक. २०१४ मध्ये शेतीखात्यानं केलेल्या पाहणीत अमेरिकेतली ३९ टक्के शेतजमीन भाड्यानं कसली जात होती, आणि त्यातली ८० टक्के जमीन स्वतः शेती न करणाऱ्यांची होती.

भाड्याचे दोन प्रकार. एक, वाटा. कापसाला पारंपरिक वाटा पाव. मालकाला पिकाचा चौथा हिस्सा, आणि सरकारी पैशाचाही चौथा हिस्सा. दुसरा, रोख. कोरडवाहू जमिनीला आमच्याकडे एकरी पंचवीस-तीस डॉलर. पीक येवो न येवो, भाडं ठरलेलं. रोख भाडं घेणाऱ्या मालकाला मात्र सरकारी पैशातला एक सेंटही मिळत नाही. सगळे पैसे कसणाऱ्याला. नियम एकच प्रश्न विचारतो: पिकाचा धोका कुणाचा? ज्याचा धोका, त्याचा पैसा. धोका वाटून घेतला असेल तर पैसाही त्याच प्रमाणात.

वाटेकरी मालकाचा फॉर्मही वेगळा असतो, ४८३५. स्वतः राबत नाही पण पिकात वाटा आहे, अशांसाठी. रोख भाडं घेणाऱ्याला तोही नाही. त्याची जमीन आणि शहरातल्या माणसाची भाड्यानं दिलेली खोली, दोन्ही सरकारच्या लेखी सारखंच.

हे वाचून इथे न्याय आहे असं वाटेल, तर जरा थांबा. जमिनीला बेस आहे हे मालकाला माहीत असतं, त्यामुळे तो भाडं वाढवून मागतो. अर्थशास्त्रज्ञांनी यावर पुष्कळ काथ्याकूट केला आहे. एका गाजलेल्या अभ्यासात असं निघालं, की अनुदानाच्या दर डॉलरमधला साधारण पाव डॉलर भाड्याच्या वाटेनं मालकाकडे जातो. शिवाय यंत्र चालवणारा तो हंगामी माणूस कुठल्याच ओळीत नाही, फक्त खर्चाच्या ओळीत. पण प्रश्न तरी विचारला जातो. आणि तो सुरुवातीपासून विचारला जात नव्हता.

* * *

१९३३ साली मंदीत कापसाचा भाव इतका पडला होता, की रूझवेल्ट सरकारनं शेतकऱ्यांना उभं पीक नांगरून टाकायला पैसे दिले. सुमारे एक कोटी एकर कापूस मातीत गेला. करार मालकांशी झाले, चेक मालकांना गेले. कुळांना त्यांचा हिस्सा मालकानं द्यावा अशी अपेक्षा होती. पुढच्या वर्षी क्षेत्र कमी करण्याचे पैसे मिळू लागले, तेव्हा मालकांच्या लक्षात आलं की कमी जमिनीला कमी कुळं लागतात. मिसिसिपी, आर्कान्सासमध्ये वाट्यानं कसणाऱ्या कुटुंबांना, काळ्यांना आणि गोऱ्यांनाही, सामानासकट रस्त्यावर काढलं गेलं. अनुदानाच्या पैशातून ट्रॅक्टर आले.

१९३४ च्या जुलैत आर्कान्सासमधल्या टायरोन्झा नावाच्या गावात अठरा माणसं जमली, अकरा गोरी आणि सात काळी, आणि त्यांनी कुळांची एक संघटना स्थापन केली. त्या काळी, त्या भागात, दोन्ही वर्णांची माणसं एका संघटनेत असणं हे जीव धोक्यात घालण्यासारखं होतं. वॉशिंग्टनमध्ये शेतीखात्यातल्या काही वकिलांनी कराराचा अर्थ असा लावला, की मालकानं तीच कुळं जमिनीवर ठेवली पाहिजेत. १९३५ च्या फेब्रुवारीत त्या वकिलांनाच नोकरीवरून काढलं. नंतरच्या कायद्यांत पिकातल्या वाट्याप्रमाणे पैसे वाटायचा नियम आला खरा, पण ज्यांच्यासाठी तो हवा होता त्यांतली पुष्कळ माणसं तोवर दक्षिणेतून निघून गेली होती.

आज आमच्या काउंटीतला प्रत्येक शेतकरी १५ जुलैच्या आत सरकारी कचेरीत जाऊन सांगतो, की कुठल्या शेतात काय पेरलं, किती एकर, आणि त्यात कुणाचा किती वाटा. त्या फॉर्मचा नंबर ५७८. नकाशावर शेताची रेघ, रेघेच्या आत पीक, आणि पिकासमोर पेरणाऱ्याचं नाव. २०२५ च्या डिसेंबरात सरकारनं शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली, तेव्हा पिकांची मदत बेसवर नव्हती, पेरलेल्या एकरांवर होती. हे करता आलं कारण पेरणाऱ्याचं नाव आधीच लिहिलेलं होतं.

* * *

आता आमच्या शेताकडे येते.

बाबा २०१६ साली गेले. अकरा एकर. वारस फेरफार झाला, आणि सातबाऱ्यावर आई, दादा आणि मी अशी तीन नावं चढली. दादा नागपूरला, मी इथे, आईला शेती होत नाही. तेव्हापासून शेत मक्त्यानं दिलं आहे, एकाच माणसाला. वयानं माझ्याएवढेच, त्यांना मी भाऊ म्हणते आणि ते मला ताई. स्वतःची दीड एकर आहे त्यांची, ओढ्याकाठची. आमचा मक्ता एकरी बारा हजार, अक्षय तृतीयेच्या आत रोख, पेरणीपूर्वी. कागद नाही. डॉलरमध्ये धरलं तर लबकजवळच्या कोरडवाहू जमिनीच्या चौपट-पाचपट भाडं. इथल्या लोकांना सांगितलं तर त्यांना खोटं वाटतं.

पीएम-किसानचे दोन हजारांचे हप्ते आईच्या खात्यात येतात. दादा पगारी असल्यानं त्यात बसत नाही, मी परदेशात म्हणून बसत नाही. ही योजना २०१९ साली आली, आणि १ फेब्रुवारी २०१९ ला ज्याच्या नावावर जमीन होती त्यालाच पैसे, नंतर फक्त वारसानं नाव लागलं तर. मला हे वाचून आमचे बेस एकर आठवले. एका जुन्या तारखेला तुम्ही कागदावर कुठे होतात, त्यावर पुढचं सगळं. भाऊंना त्यांच्या दीड एकरावर सहा हजार मिळतात. त्यांनी आमच्यासारख्या तीन घरांची मिळून बावीस एकर धरलेली आहे, तिचा त्यात हिशेब नाही.

गोष्ट सहा हजारांपुरती असती तर मी लिहायला बसले नसते. कापूस हमीभावानं सीसीआयला द्यायचा तर सातबारा लागतो, त्यावर कापसाची नोंद लागते, आणि पैसे ज्याच्या नावानं नोंदणी त्याच्या खात्यात. २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये. त्याच वर्षी केंद्र सरकारनं १९ ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत कापसाच्या आयातीवरचा ११ टक्के कर काढला, म्हणजे इथल्या गठ्ठ्यांना तिकडचं दार उघडलं. अशा वेळी हमीभावाचा आधार सर्वांत जास्त लागतो तो ज्याच्या हातात कापूस आहे त्याला. भाऊंना मात्र आईच्या नावानं विकावं लागतं, किंवा व्यापारी देईल त्या भावानं. आई त्यांना पैसे काढून देते. सगळ्या घरांत आई नसते.

मग त्या वर्षीचा पाऊस. ऑगस्ट-सप्टेंबरात महाराष्ट्रभर झाला तसा आमच्याकडेही. शेतात आठवडाभर पाणी साचलं, पऱ्हाटी पिवळी पडली, खालची बोंडं सडली. भाऊंनी मला शेताचा व्हिडिओ पाठवला. त्यात ते काही बोलत नव्हते, नुसता चिखलातून चालण्याचा आवाज होता. सरकारनं ऑक्टोबरात मदत जाहीर केली. कोरडवाहू पिकाला हेक्टरी साडेआठ हजार, आणि वर रब्बीसाठी हेक्टरी दहा हजार. काही आठवड्यांनी आईच्या फोनवर पैसे जमा झाल्याचा मेसेज आला.

मक्ता आम्ही एप्रिलमध्येच घेतला होता. पूर्ण. बियाणं भाऊंचं, खत भाऊंचं, फवारणी भाऊंची, कर्ज भाऊंचं. आणि भरपाई आमची.

इथल्या नियमानं आम्ही 'रोख भाडं घेणारे मालक'. पिकाचा धोका शून्य. लबकच्या कुठल्याही सरकारी कचेरीत आमचा अर्ज पहिल्याच खिडकीवर परत आला असता. अनुदानाच्या नावानं ज्यांना आम्ही दिवाळीला नावं ठेवतो, त्यांचा कायदा निदान एवढं तरी विचारतो.

* * *

आईला यात काही अवघड वाटलं नाही. "पीक त्याचं बुडालं, मंग पैसे आपल्याले कायचे?" ती म्हणाली. अवघड झालं ते दादाशी बोलताना, आणि दादाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. आईची औषधं, दवाखाना, घराची डागडुजी, सगळं तो बघतो. मक्त्याचे पैसे त्यातच जातात. दुसरं, त्यानं विचारलं, पैसे बँकेतून भाऊंच्या खात्यात टाकले तर ती नोंद राहते. उद्या कुणी म्हणालं की हा माणूस दहा वर्षं ही जमीन कसतोय आणि मालकांनीच ते मान्य केलंय, तर? विदर्भाचा कूळ कायदा १९५८ चा. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जाऊ शकतो, ही भीती तेव्हापासून प्रत्येक घरात आहे. बाबांच्या आजोबांची जमीन त्या काळात गेली की वाचली यावर आमच्याकडे अजून दोन मतं आहेत.

कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून केलेला कायदा. त्याच्या भीतीनं आज कसणाऱ्याचं नाव कुठेच लिहीत नाहीत. जमिनी तर मक्त्यानं जातातच, पण तोंडी. तोंडी करारावर पीककर्ज मिळत नाही. पीकविम्याला नोंदणी केलेला भाडेकरार लागतो. ई-पीक पाहणीचं ॲप २०२१ पासून आहे, शेतात उभं राहून फोटो काढायचा, पीक नोंदवायचं. चांगली सोय आहे. पण नोंद होते ती खातेदाराच्या नावावर. पीक कोणतं, हे ॲप विचारतं. पेरलं कोणी, हे विचारत नाही. नीती आयोगानं २०१६ मध्ये शेतजमीन भाड्यानं देण्याचा एक नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला होता. मालकाची मालकी पक्की राहावी आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा, भरपाई मिळावी, अशा दोन्ही गोष्टी एकाच कागदात. म्हणजे दादाच्या भीतीवर उत्तर लिहून झालेलं आहे, ते आमच्या गावापर्यंत पोचलेलं नाही.

मी दादाला म्हटलं, आपण वकील गाठू, मुदतीचा करार करू, नोंदणी करू, खर्च मी देते. तो लगेच नाही म्हणाला नाही. नाही म्हणाले ते भाऊ.

"नको ताई," ते फोनवर म्हणाले. "कागद केला का मालक लोक दरवर्षी मानूस बदलवते. साल संपलं, कागद संपला. आता तोंडी हाय म्हनून धा वर्सं टिकलो." मी म्हटलं, आम्ही नाही बदलणार. ते हसले. "तुम्ही नाई बदलवत हो. पन पलीकडचा एकरी चौदा हजार द्यायले तयार हाय, हे तुमच्या दादाले मालूम हाय."

दादाला माहीत होतं. मला माहीत नव्हतं.

टेक्सासमध्ये बसून भाऊंच्या बाजूनं बोलणं मला परवडतं. माझ्या आईची औषधं दादा आणतो आणि माझं घर इथल्या पगारावर चालतं, तो पगारही पुन्हा कापसाच्याच हिशेबातून. एकरी दोन हजार जास्त देणारा माणूस दारात असताना जुन्याला ठेवायचं, हा निर्णय ज्याला रोजचा खर्च बघायचा आहे त्याच्यासाठी वेगळा आणि माझ्यासाठी वेगळा. इथल्या त्या तिघी बहिणींचं मला आता नवल वाटत नाही. त्यातल्या धाकटीनं एकदा ईमेलमध्ये विचारलं होतं, की शेत कसणाऱ्याला यंदा पाऊस नसल्यामुळे भाडं कमी करता येईल का, आणि थोरलीचं काही तासांत उत्तर आलं होतं: नाही. मी तेव्हा मनात थोरलीला बोल लावला होता. थोरली कुणाची औषधं आणते, ते मला ठाऊक नाही.

शेवटी झालं ते असं. भरपाईचे पैसे आईनं ठेवून घेतले आणि तेवढी रक्कम यंदाच्या मक्त्यातून वजा केली. बँकेत नोंद नाही, कागद नाही. भाऊंनी अक्षय तृतीयेच्या आधी राहिलेले पैसे आणून दिले. मक्ता वाढवला नाही, असं दादानंच आईला सांगितलं. का, ते मी विचारलं नाही. कराराचा मसुदा मी हिंगणघाटच्या एका वकिलाकडून करून घेतला आहे. त्यात एका वर्षाऐवजी सहा वर्षांची मुदत टाकायला सांगितली, कारण भाऊंची भीती सालाची आहे, कागदाची नाही. वकील म्हणाले, सहा वर्षांवर तुमचा भाऊ सही करणार नाही. कदाचित चारवर करेल.

खरिपाच्या विम्याची शेवटची तारीख साधारण ३१ जुलै असते. इथल्या ५७८ नंबरच्या फॉर्मची १५ जुलै. त्या पंधरवड्यात आमच्या कचेरीत फारसं काम नसतं. दादाच्या शाळेचं मात्र नवं सत्र चालू झालेलं असतं, म्हणून त्याला रात्री फोन करावा लागतो, इथे सकाळ असताना. चार वर्षं म्हणाला तर चार.